निळ्या झाकणाची बाटली

१

ज्या वर्षी माझ्या थोरल्या लेकीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षीची ही गोष्ट. जानेवारीत पोरी जन्मल्या आणि एप्रिल उजाडला तरी आमच्या घरात कोणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता. एक झोपली की दुसरी उठायची. असाच जांभया देत एका सोमवारी कामावर आलो, तर आमच्या विभागाच्या दारावरची पाटी कोणीतरी उलटी टांगून ठेवली होती आणि आतल्या खुर्च्या बाहेर व्हरांड्यात एकावर एक रचल्या होत्या.

पाटीवर ‘ज्ञान व्यवस्थापन विभाग’ असं लिहिलेलं. सरळ असताना ती कोणी वाचत नसे. अख्खं हॉस्पिटल आम्हाला शहाणपणाचं दुकान म्हणायचं. दुकानात माणसं दोन. विभागप्रमुख ताई आणि त्यांच्या जीपचा ड्रायव्हर मी. हॉस्पिटलात वयस्कर कामगाराला मामा म्हणायची रीत, म्हणून ताईही मला मामाच म्हणत.

काम सांगायला सोपं होतं. मोठं सरकारी हॉस्पिटल मधोमध, आणि त्याला जोडलेली आरोग्य केंद्रं लांबलांब पसरलेली. काही डोंगरात, एक नदीपलीकडे, होडीने जावं लागे असं. एका ठिकाणी झालेली चूक दुसऱ्या ठिकाणी होऊ नये, एवढंच आमचं काम. त्यासाठी दर शुक्रवारी बैठक भरायची. ज्याच्या हातून चूक झाली तो येऊन बसायचा आणि काय झालं ते सांगायचा. लिहून काही ठेवायचं नाही. ताई ती हकीकत डोक्यात घेऊन केंद्राकेंद्रावर तोंडी सांगत फिरायच्या. पण नाव, वॉर्ड, वय, वेळ, सगळं बदलून. ‘खोलीतलं नाव खोलीत’ हा त्यांनी दिलेला शब्द. त्या शब्दावर भरवसा ठेवून माणसं तोंड उघडायची. नाहीतर सरकारी नोकरीत आपली चूक आपण होऊन कोण सांगतो?

आणि त्या सोमवारी सकाळी हजेरीच्या वेळी मोठ्या साहेबांचा आदेश वाचला गेला. बालवॉर्डाच्या सिस्टर निलंबित. कारण आदेशात सविस्तर होतं: त्यांनी दीड वर्षाच्या मुलाला, इंजेक्शनच्या औषधात मिसळायच्या पाण्याऐवजी पोटॅशियम दिलं, जे थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. पाण्याच्या आणि पोटॅशियमच्या, दोन्ही बाटल्यांचं झाकण निळं, आकार सारखा. सिस्टरने उजव्या हाताने मुलाचा हात धरून ठेवला, डाव्या हाताने ट्रेमधली बाटली उचलली आणि तिच्यावरचं नाव वाचलं नाही. मूल वाचलं, ते केवळ नशिबाने.

ही हकीकत सिस्टरने फेब्रुवारीत आमच्या खोलीत सांगितलेली होती. फक्त आमच्या खोलीत.

ताई आल्या. त्यांनी आधी पाटीकडे पाहिलं, मग खुर्च्यांकडे.

“ताई, हे कोणी केलं ते शोधू का?” मी विचारलं.

“पाटी कोणी उलटी केली त्याच्याशी मला कर्तव्य नाही. ज्याने केली त्याचं बरोबरच आहे.” त्यांनी स्वतः एक खुर्ची उचलली. “खोलीतलं नाव बाहेर कोणी नेलं, ते शोधायचं. शुक्रवारच्या आत. खुर्च्या आत घ्या, मामा. शुक्रवारी लागणार आहेत.”

“शुक्रवारी येणार कोण?”

“ते आपण काय शोधतो त्यावर आहे.”

२

मोठे साहेब स्वभावाने वाईट नव्हते. त्यांना फक्त गोंगाट आवडत नसे, आणि चुकांबद्दल बोलणं म्हणजे त्यांच्या लेखी गोंगाटच.

“बसा, ताई,” ते म्हणाले. “मला तुमचं वाईट वाटतंय. पण तक्रार आली की मला कारवाई करावीच लागते. शुक्रवारी सकाळी चौकशी. आणि तुमच्या त्या खोलीचं काय करायचं, तेही त्याच दिवशी ठरवून टाकू. आता तसंही तिथे कोणी बोलेलसं दिसत नाही.”

“तक्रार कोणाची?”

“फोन होता. निनावी. बाहेर विचारा.”

बाहेर त्यांच्या सहायक बाई बसायच्या. टाइप करताना एवढा आवाज करायच्या की सगळे त्यांना टकटक म्हणायचे, आणि त्याही त्या नावाला ओ द्यायच्या. ताईंना बघून त्यांनी बोटं थांबवली.

“मला विचारू नका हं, माझं डोकं अजून दुखतंय त्या माणसामुळे.”

“म्हणजे पुरुष होता?”

“पुरुष, म्हातारा, आणि आवाज असा की काय सांगू! फलाटावर बस लागल्याची घोषणा करावी तसा बोलत होता. एकेक शब्द सुटा. प्रत्येक वाक्य दोनदा. मी म्हटलं, आजोबा, मला ऐकू येतं. तर म्हणतो, ‘लिहून घ्या, लिहून घ्या.’ सगळं घेतलं लिहून. वर म्हणतो, वाचून दाखवा!”

“दाखवलंत?”

“काय करते? मध्येच थांबवून म्हणाला, ‘निळं झाकण लिहिलंत? दोन्ही निळी, असं लिहिलंत?’ मी म्हटलं, हो बाबा. मग विचारतो, हा आदेश सगळ्या केंद्रांवर वाचतात ना? मी म्हटलं, निलंबनाचा आदेश शब्दन्‌शब्द सगळीकडे वाचतात, नियमच आहे. तेव्हा कुठे फोन ठेवला.”

“आणि सिस्टरचं नाव? ते पक्कं करून घेतलं?”

टकटक बाई विचारात पडल्या. “नाही बाई. ते एकदाच म्हणाला. तेही पटकन, घास गिळावा तसं.”

परत येताना ताईंनी सिस्टरला फोन लावला. मी शेजारीच होतो, आवाज ऐकू येत होता. ताई म्हणाल्या, “मी शब्द दिला होता, तो मोडला गेला. कोणी मोडला ते शोधल्याशिवाय मी तुम्हाला तोंड दाखवणार नाही.”

 पलीकडून सिस्टरचा आवाज आला, “ताई, आदेश सगळीकडे वाचला का हो? नदीपलीकडेही?”

“वाचला असेल.”

“असेल की वाचला?”

“वाचला.”

“बरं,” म्हणाल्या, आणि फोन बंद.

“लाज वाटत असेल बिचारीला,” मी म्हटलं.  जीपमध्ये बसल्यावर ताईंनी मला निघा असं सांगितलं नाही. नुसत्या समोर बघत राहिल्या.

३

फेब्रुवारीतल्या त्या बैठकीला खोलीत पाच माणसं होती. सिस्टर, ताई, औषध भांडाराचे प्रमुख, बालवॉर्डाचे छोटे डॉक्टर आणि दाराशी चहाचा थर्मास घेऊन मी.

भांडारप्रमुखांना सगळे कुलूपसाहेब म्हणायचे. भांडाराच्या दाराला दोन कुलपं, कपाटांना कुलपं, एवढंच काय, जेवणाच्या डब्यालासुद्धा लहानसं कुलूप. त्यांना सिस्टरवर बोट दाखवायला कारण होतं. ती पोटॅशियमची नवी बाटली त्यांनीच खरेदी केली होती, स्वस्तात. आधीची लाल झाकणाची असायची.

“मी?” कुलूपसाहेब उसळले. “मी फोन करीन? मला काय वेड लागलंय? झाकणाचा विषय निघाला की लोक विचारणार, ही बाटली आणली कोणी? मी तर देवाकडे मागणं मागतोय की झाकण हा शब्दच कोणी काढू नये!”

“ते खरं,” ताई म्हणाल्या. “ती बाटली आता कुठे कुठे आहे?”

“तेव्हा फक्त बालवॉर्डात होती, नमुन्याला म्हणून. मार्चच्या सुरुवातीला सगळ्या केंद्रांवर गेली. जुना साठा संपला. औषध तेच, ताई! झाकण कंपनीचं, वाचायचं काम तुमच्या सिस्टरांचं. मी काय प्रत्येकीच्या मागे चष्मा घेऊन उभा राहू?”

ताईंनी एकच विचारलं. “सिस्टर त्या दिवशी खोलीत काय म्हणाल्या, आठवतंय तेवढं सांगा.”

“म्हणाल्या, बाटली सारखी दिसली. मी पुढे ऐकलंच नाही. खरेदीची फाइल डोळ्यांपुढे आली होती.”

छोट्या डॉक्टरांवर तर सगळ्यांचाच संशय. ते रोज संध्याकाळी मोठ्या साहेबांबरोबर बॅडमिंटन खेळायला जायचे आणि त्यांची बढती टेबलावर होती. आम्ही गेलो तेव्हा ते वॉर्डात एका रडक्या पोराला तपासत होते. ताईंना पाहून म्हणाले, “या. सकाळपासून सगळे माझ्याकडे असे बघतायत, जणू माझ्या खिशात सिस्टरची नोकरी आहे. साहेबांशी खेळतो म्हणजे मी चुगलखोर? रोज मुद्दाम हरतो, हा गुन्हा असेल तर कबूल आहे.”

“सिस्टर खोलीत काय म्हणाल्या?”

त्यांनी पोराच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढला. “म्हणाल्या, दोन्ही झाकणं निळी. मी पाणी समजून बाटली घेतली. थोडंसं आत गेलं आणि पोर असं किंचाळलं की मी सुई काढूनच घेतली. मग म्हणाल्या, माझा हात अजून त्या निळ्या झाकणाकडे जायला घाबरतो. आणि शेवटी…” ते जरा अडखळले.

“बोला.”

“शेवटी त्यांनी तुम्हाला विचारलं, ताई, झाकणाचा रंग सगळ्यांना सांगाल ना? तुम्ही म्हणालात, नाही सांगता येणार. ही बाटली आत्ता एकट्या बालवॉर्डात आहे. रंग सांगितला की वॉर्ड कळेल, वॉर्ड कळला की तुम्ही कळाल. मी फक्त सांगीन, सारख्या दिसणाऱ्या बाटल्या असतात, नीट वाचा.”

“हो,” ताई म्हणाल्या. “तसंच सांगितलं मी सगळीकडे. आणि हात? कुठल्या हाताने काय धरलं होतं, ते म्हणाल्या का?”

“कुठला हात? हातांचं काही नव्हतं.”

व्हरांड्यात आल्यावर ताईंनी माझ्याकडे मान वळवली. “तुम्हाला काय आठवतंय, मामा?”

“म्हणजे मीही संशयितांत?”

“खोलीत होतात ना?”

मला राग आला आणि बरंही वाटलं. चहा ओतणाऱ्याला कोणी माणसांत धरत नाही. मी आठवून सांगितलं. हाताचा उल्लेख मीही ऐकला नव्हता.

“मीही नाही,” ताई म्हणाल्या. “म्हणजे आदेशातला तो हात आपल्या खोलीतून गेलेला नाही. मग आला कुठून?”

४

ज्या मुलाबाबत हे झालं त्याची आई दर महिन्याला त्याला तपासायला आणायची. मंगळवारी ती बाह्यरुग्ण विभागात बाकावर सापडली. पोर तिच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या ओढत होतं. चांगलं गुटगुटीत. अजून बोलायला लागलं नव्हतं.

“मला माहितीये तुम्ही कशाला आलात,” ती ताईंना म्हणाली. “सकाळपासून तिघीजणी विचारून गेल्या. मी नाही केली तक्रार.”

“तुमचा हक्क होता.”

“होता की! त्याच दिवशी करणार होते. सिस्टरने स्वतः येऊन सांगितलं मला, चुकून दुसरं औषध थोडं गेलं म्हणून. मी अशी बोलले तिला, अशी बोलले, की शेजारच्या खाटेवरचं पोर घाबरून रडायला लागलं. तिने सगळं ऐकून घेतलं. आणि मग अख्खी पाळी संपली तरी घरी गेली नाही. याच्या उशाशी बसून राहिली. आता अशा बाईवर काय तक्रार करायची?”

“औषध देताना तुम्ही तिथे होतात?”

“असते तर बघितलं नसतं का? पाणी भरायला गेले होते नळावर, गर्दी होती. किंचाळल्याचा आवाज आला म्हणून तशीच पळत आले, तर हा तिच्या कडेवर.”

“शेजारच्या खाटेवरचं कोणी?”

“मध्ये पडदा होता. सिस्टरनेच ओढला होता.”

“तिने तुम्हाला बाटलीबद्दल काही सांगितलं? झाकण वगैरे?”

“कसलं झाकण?”

आम्ही जीपमध्ये बसलो. मी इंजिन सुरू करणार तोच ताई म्हणाल्या, “थांबा. मोठ्याने विचार करते, चुकले तर टोका. झाकण निळं होतं हे खोलीतल्यांना माहीत. पण हात कोणी कसा धरला, हे खोलीतल्यांना माहीत नाही. ते खाटेशी उभ्या असलेल्यालाच माहीत. खाटेशी कोण होतं?”

“पोर.”

“ते बोलत नाही. आई नळावर. मध्ये पडदा. झाकण आणि हात, दोन्ही ठाऊक असलेलं माणूस एकच आहे.”

माझा हात किल्लीवरच राहिला. “ताई, सिस्टर कोणा मैत्रिणीजवळ बोलल्या असतील. आणि त्या मैत्रिणीने कोणाकरवी दावा साधला असेल.”

“दावा साधणारा नाव दोनदा सांगतो, मामा. या माणसाने नाव गिळलं आणि झाकण दोनदा पक्कं करून घेतलं. त्याला सिस्टरशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला ते झाकण सगळ्या केंद्रांवर पोचवायचं होतं. मी जे सांगायला नकार दिला, ते. आणि शब्दन्‌शब्द सगळीकडे जाईल अशी आपल्या हॉस्पिटलात एकच गोष्ट आहे. निलंबनाचा आदेश.”

“म्हणजे सिस्टरनी स्वतःच्याच…”

“चला त्यांच्या घरी,” ताई म्हणाल्या. “मी म्हटलं होतं, शोधल्याशिवाय तोंड दाखवणार नाही. आता दाखवायला हरकत नाही.”

५

सिस्टरचं घर पहिल्या मजल्यावर होतं. जिन्यात धुतलेले कपडे टांगलेले, दोन नर्सचे पांढरे पोशाख शेजारी शेजारी, एक आखूड, एक लांब. दार एका वृद्ध गृहस्थाने उघडलं. सिस्टरचे सासरे. त्यांनी आम्हाला न्याहाळलं, आत वळले आणि म्हणाले, “पाहुणे आले आहेत. पाहुणे… आले आहेत.”

मला टकटक बाई आठवल्या. शब्द सुटे, वाक्य दोनदा. भिंतीवर त्यांचा निवृत्तीच्या दिवशीचा फोटो होता: बसस्थानकाच्या उद्घोषकाच्या खोलीत, माइकपुढे, गळ्यात हार.

ताईंनीही फोटो पाहिला. बसल्या आणि सरळ म्हणाल्या, “बाबा, आवाज अजून खणखणीत आहे तुमचा.”

म्हातारबुवांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. सिस्टर स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

“त्यांना काही बोलू नका,” त्या म्हणाल्या. “मीच म्हटलं त्यांना. बाबा, तुमचा आवाज स्पष्ट आहे, एकही शब्द चुकायचा नाही.”

“स्वतःच्या सुनेवर तक्रार,” सासरे म्हणाले. “आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो, कुठली गाडी कुठे लागते. पण हे सांगताना जीभ जड झाली हो. जड झाली.”

ताई सिस्टरकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण मी त्यांना बरीच वर्षं ओळखत होतो. “माझ्याकडे का आला नाहीत?”

“आले होते की! फेब्रुवारीत, सगळ्यांसमोर. तुम्ही नाही म्हणालात.”

“तेव्हा ती बाटली एकाच वॉर्डात होती.”

“आणि मार्चमध्ये सगळीकडे गेली. तुम्हाला कोणी कळवलं? कुलूपसाहेबांनी? तुम्ही केंद्राकेंद्रावर काय सांगितलंत, ताई? सारख्या बाटल्या नीट वाचा. सगळ्या मान डोलावतात हो त्यावर! लाल झाकण म्हणजे पोटॅशियम, हे इतक्या वर्षांचं हाताला बसलेलं. लाल बाजूला ठेवली की झालं, असंच सगळ्यांना वाटतं. निळीचं भय कोणाला असणार?”

“ते तुम्ही मार्चमध्येही येऊन सांगू शकला असता. तुमचं नाव, तुमची नोकरी, एवढं सगळं पणाला लावायची गरज नव्हती.” ताई थांबल्या. मग हळू म्हणाल्या, “म्हणजे तुम्हाला येता येत नव्हतं. आलात असतात तर मी विचारलं असतं, आत्ताच का? एवढी घाई का? आणि ते तुम्हाला सांगायचं नव्हतं.”

सिस्टर पदराला हात पुसत राहिल्या.

“कुठेतरी ती बाटली आधीच वापरली गेली,” ताई म्हणाल्या.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. त्यामागे कोणीतरी होतं. पलंग कुरकुरला आणि थांबला. सासऱ्यांनी तिकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. मला जिन्यातले ते दोन पोशाख आठवले. सिस्टरची नणंद नदीपलीकडच्या केंद्रावर नर्स होती, हे हॉस्पिटलात सगळ्यांना ठाऊक होतं.

ताईंनाही ठाऊक होतं. त्या त्या दाराकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता उठतील आणि दार ढकलतील. उठल्या, पण वळल्या जिन्याकडे.

“मी विचारणार नाही,” त्या म्हणाल्या, जरा मोठ्याने, दारापलीकडे जाईल अशा आवाजात. “तो माझा अधिकार नाही. शुक्रवारी बैठक आहे. खुर्च्या मांडलेल्या असतील.”

जिन्यात मी म्हटलं, “ताई, हे म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं.”

“हो,” त्या म्हणाल्या. “आणि कुंपण मी बांधलं होतं.”

तडक कुलूपसाहेबांकडे गेलो. ताईंनी त्यांच्यापुढे दोन्ही बाटल्या ठेवल्या आणि म्हणाल्या, “चष्मा काढा. आता यातली पाण्याची मला द्या.” कुलूपसाहेबांनी चष्मा काढला, हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. मग एक अक्षर न बोलता किल्ल्यांचा जुडगा उचलून ते स्वतः आमच्या जीपमध्ये येऊन बसले. पुढचे दोन दिवस आम्ही तिघं केंद्राकेंद्रावर फिरून त्या बाटल्या गोळा करत होतो.

६

शुक्रवारी सकाळी मी खुर्च्या गोल मांडल्या. वेळ झाली तरी सगळ्या रिकाम्या. व्हरांड्यात मात्र ही गर्दी: वॉर्डावॉर्डातल्या सिस्टर, आया, वॉर्डबॉय, छोटे डॉक्टर, खांद्यावर पोराला घेतलेली ती आईसुद्धा. आत पाऊल कोणी टाकेना. मोठे साहेब चौकशीसाठी निघाले होते, तेही गर्दी बघून थांबले.

“सापडला का तुमचा चोर?” त्यांनी विचारलं.

“सापडला. पण तो कोण ते मी सांगणार नाही,” ताई म्हणाल्या. “चूक काय ती सांगते. चूक माझी आहे.”

त्या खोलीत गेल्या, एका खुर्चीवर बसल्या आणि उघड्या दारातून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या. “एका सिस्टरने मला सांगितलं होतं, दोन्ही झाकणं निळी आहेत, सगळ्यांना सांगा. मी सांगितलं नाही. माणूस झाकायच्या नादात मी बाटलीही झाकली. नाव लपवायचं होतं, धोकाही लपवून बसले. यापुढे या खोलीत माणूस झाकला जाईल, वस्तू झाकली जाणार नाही. आणि वस्तू सांगितल्याने माणूस ओळखू येणार असेल, तर आधी त्या माणसाला विचारलं जाईल. मी त्या सिस्टरना विचारलंच नाही. त्यांच्या वतीने परस्पर घाबरले.”

“हे सगळं ठीक आहे,” मोठे साहेब म्हणाले, “पण नाव फोडलं कोणी?”

“फोन मी करवला,” बालवॉर्डाच्या सिस्टर गर्दीतून म्हणाल्या. एकदम कुजबूज उठली. “माझंच नाव, मीच फोडलं. खोलीतल्या कोणी नाही.”

“का?” साहेब चक्रावले. “कोणी आपल्याच पायावर धोंडा मारून घेतं का?”

सिस्टर गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. त्या खाली बघत राहिल्या. कोणीतरी मागून म्हणालं, “काहीतरी काळंबेरं आहे.” दोघीतिघी निघायला वळल्याही. मला वाटलं, गेली खोली. या उत्तरावर कोणी आत यायचं नाही.

तेवढ्यात पायऱ्यांवरून एक तरुण नर्स वर आली. बरोबर ते म्हातारबुवा. तिचा चेहरा उतरलेला, पण चाल सरळ. तिने वहिनीच्या हाताला नुसता हात लावला आणि गर्दीतून वाट काढत आत गेली. ताईंच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

“दार लावू का?” ताईंनी विचारलं.

“नको,” ती म्हणाली. “माझ्या हातून माणूस गेला आहे. इंजेक्शन भरायचं होतं. लाल झाकणाच्या बाटल्या मी कधीच बाजूला ठेवल्या होत्या, सारख्या बाटल्या जपून वापरा असं तुम्ही सांगितलं होतं म्हणून. निळी घेतली. पाणी समजून. मी कोणालाच सांगितलं नाही. हृदय बंद पडलं, असं सगळ्यांनी धरलं आणि मी धरू दिलं. घरी वहिनीला सांगितलं आणि तिच्याकडून वचन घेतलं. ती बोलली नाही. तिने स्वतःला पुढे केलं.”

ती रडली नाही. सगळं सांगत गेली, बाटली कुठे होती, उजेड कुठून येत होता, कोण हाक मारत होतं, काय घाई होती. ताई मध्ये बोलल्या नाहीत. बोलता बोलता एक आया आत येऊन तिच्या शेजारी बसली. मग छोटे डॉक्टर. मग कुलूपसाहेब, किल्ल्या मुठीत घट्ट धरून, आवाज होऊ नये म्हणून. खुर्च्या भरल्या तसे लोक भिंतीला टेकून उभे राहिले. मोठे साहेब दारातच होते. ते चौकशीला गेले नाहीत, शेवटपर्यंत ऐकत उभे राहिले.

बालवॉर्डाच्या सिस्टरचं निलंबन त्याच दुपारी मागे घेतलं. नणंदेची चौकशी झाली, वर्षभर तिला इंजेक्शनच्या कामावरून दूर ठेवलं, नोकरी राहिली. त्या कंपनीची बाटली परत आली नाही. पुढच्या शुक्रवारी तीन जण सांगायला आले. एवढे याआधी कधीच आले नव्हते.

पण त्याआधी, त्या शनिवारीच, ताई आणि ती नणंद होडीने पलीकडे, गेलेल्या माणसाच्या घरी गेल्या. मीही गेलो. घर शोधावं लागलं नाही. अंगणात अर्धवट रंधा मारलेल्या फळ्या अजून तशाच होत्या. त्याच्या बायकोने दोघींना ओसरीवर बसवलं. नणंद बोलत होती, बायको ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती अंगणातल्या फळ्यांकडे बघू लागली. मग म्हणाली, “मला सगळे सांगत होते, त्याने दुखणं अंगावर काढलं म्हणून गेला. मी महिनाभर मेलेल्या माणसाला बोल लावतेय.” आणि उठून आत गेली. पुन्हा बाहेर आली नाही. आम्ही थोडं थांबून निघालो.

तो सुतार होता. नांगर दुरुस्त करताना पायाला फाळ लागून जखम चिघळली होती, ताप होता, म्हणून केंद्रावर आला होता. त्याच वर्षी, मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी, नदीपलीकडच्या आरोग्य केंद्राच्या खाटेवर तो वारला.